सरांच्या नावाने स्कॉलरशिप काढायचीय? आधी हे वाचून घ्या

आम्ही अटलांटाच्या बाहेर राहतो. माझ्या मुलीला हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस शिकवणारे सर दोन वर्षांपूर्वी गेले. शाळेच्या पालक-भेटीच्या रात्री त्यांची माझी पहिली ओळख झाली, त्यांनी विचारलं भारतात कुठच्या, आणि मी नेहमीसारखं "निअर मुंबई" म्हणणार होते (वर्धा इथे कोणाला माहीत असणार) पण का कोण जाणे त्या दिवशी खरं सांगितलं. सर हातातल्या मार्करचं झाकण लावायचं विसरले. "वर्धा? डॉक्टर मेझ गेले होते तिथे. गांधींना भेटायला."

मी वर्ध्यात वाढले, सेवाग्रामला शाळेच्या सहली कितीदा गेल्या, आणि हे मला एका अमेरिकन गणिताच्या मास्तरांनी सांगावं! बेंजामिन मेझ म्हणजे अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे १९४० ते १९६७ असे सत्तावीस वर्षं प्रेसिडेंट, मार्टिन ल्यूथर किंग तिथेच शिकले आणि १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीचं भाषण मेझ यांनीच केलं. मेझ यांचे आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले. साउथ कॅरोलिनात कापसाच्या शेतात कामाला जायचं म्हणून शाळा वर्षाला चारच महिने, त्यामुळे हायस्कूल संपेपर्यंत विशी उलटली, आणि शिकागोची पीएचडी हातात पडली तेव्हा वय चाळीस. १९३६-३७ च्या हिवाळ्यात ते भारतात आले, सेगावला (म्हणजे आताच्या सेवाग्रामला) गांधीजींशी बोलले. त्याच दौऱ्यात म्हैसूरकडच्या एका अस्पृश्यांच्या शाळेत हेडमास्तरांनी पोरांना त्यांची ओळख करून दिली ती "अमेरिकेतला अस्पृश्य" अशी. मेझ आधी गोंधळले, दुखावलेही, मग त्यांनी लिहून ठेवलंय की विचार केल्यावर पटलं, आपल्या देशात मी तोच आहे.

तर आमचे हे कॅल्क्युलसचे सर स्वतः त्याच मोरहाउसचे. ते गेल्यावर आम्ही जुने विद्यार्थी आणि पालक मिळून त्यांच्या नावाने ब्लॅक मुलांच्या कॉलेजसाठी स्कॉलरशिप सुरू केली, त्यात आम्ही ज्या ज्या खड्ड्यात पडलो ते इथे लिहितेय. मागच्या वर्षभरात तीन मराठी कुटुंबांनी मला फोन करून हेच विचारलं, प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं. मी वकील नाही, सीपीए नाही, फक्त हे एकदा करून बसलेली बाई आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फंडरेझर उघडू नका, निदान त्या रात्री तरी नाही. आमच्याकडे सर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका उत्साही माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने ऑनलाइन फंडरेझर टाकलं, वर "मेमोरियल स्कॉलरशिप" लिहिलं आणि दोन दिवसांत सहा हजार डॉलर जमले. मग प्रश्न सुरू. पैसे त्याच्या खात्यात, म्हणजे टॅक्सवाल्यांच्या दृष्टीने कोणाचे? देणाऱ्यांना टॅक्समध्ये सूट मिळणार का, तर नाही, कारण पैसे एका माणसाला दिलेत, ५०१ (सी)(३) म्हणजे टॅक्स-सवलत असलेल्या धर्मादाय संस्थेला नाही. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे सरांच्या मिसेसना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना ते चर्चमध्ये कोणाकडून तरी कळलं. पोरगा प्रामाणिक होता, त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, पण त्यात महिना गेला आणि परत केलेल्यातले बरेच पुन्हा आलेच नाहीत.

म्हणून आधी घरच्यांकडे जा. फोनवर नाही, जाऊन बसा. नाव कसं लिहायचं, फोटो वापरायचा का, सरांना नक्की काय आवडलं असतं, कमिटीत घरचं कोणी हवं का, आणि पुढेमागे पैसे संपले तर ते नाव बंद झालेलं चालेल का, हा शेवटचा प्रश्न अवघड असतो पण विचारायलाच हवा. आम्ही गेलो तेव्हा मिसेसनी स्वीट पोटॅटो पाय कापून ठेवला होता, आणि दोन तासांत पाच मिनिटं स्कॉलरशिपवर बोलणं झालं. पण त्या पाच मिनिटांत त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं: "त्यांना हुशार पोरांची काळजी नसायची. हुशार असून पैशांपायी पहिल्या वर्षीच घरी परत येणाऱ्यांची असायची."

मग प्रश्न येतो पैसे ठेवायचे कुठे. स्वतःची संस्था काढू असं कोणीतरी म्हणणारच, आमच्यात पण म्हणालं, त्याला प्रेमाने गप्प करा. स्वतःचं प्रायव्हेट फाउंडेशन काढलं तर निवडीची पद्धत आयआरएसकडून (इथल्या टॅक्स खात्याकडून) आधी मंजूर करून घ्यावी लागते, दरवर्षी रिटर्न भरावं लागतं, आणि पंचवीस-तीस हजार डॉलरसाठी हा संसार परवडत नाही. त्यापेक्षा कोणाच्या तरी छताखाली जा. आमच्यापुढे तीन छतं होती.

एक, थेट कॉलेज. मोरहाउस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा अशी कॉलेजं इथे शेजारीशेजारी आहेत, यांना एचबीसीयू म्हणतात, म्हणजे १९६४ च्या आधी ब्लॅक विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली कॉलेजं. कॉलेजला दिलं की तुमची कटकट जवळपास शून्य, त्यांचं ऑफिस सगळं बघतं. पण कायमस्वरूपी नावाची स्कॉलरशिप हवी असेल तर कमीत कमी किती द्यावे लागतात याचा आकडा प्रत्येक कॉलेजचा वेगळा आणि तो बऱ्याचदा आपल्याला घाम फोडणारा, आणि पैसे त्या एकाच कॉलेजच्या मुलाला मिळणार. दोन, यूएनसीएफ. ही संस्था १९४४ ची, टस्कीगी इन्स्टिट्यूटचे प्रेसिडेंट फ्रेडरिक पॅटरसन यांच्या डोक्यातली कल्पना की खाजगी ब्लॅक कॉलेजांनी वेगवेगळं हात पसरत फिरण्यापेक्षा एकत्र पैसे उभे करावेत. त्यांच्याकडेही देणगीदारांच्या नावाच्या कितीतरी स्कॉलरशिप चालतात. मोठी रक्कम असेल, देशभर पोचायचं असेल तर तिथे आधी विचारा.

तीन, तुमच्या भागातलं कम्युनिटी फाउंडेशन. आम्ही हे घेतलं. तुम्ही त्यांच्याकडे फंड उघडता, नाव सरांचं, पैसे आणि हिशोब त्यांचा, टॅक्सची पावती तेच देतात, त्याबदल्यात दरवर्षी टक्का-दोन टक्के फी कापतात. फी बघून आपल्या लोकांच्या भुवया उंचावतात पण अडीचशे डॉलर किंवा वरच्या प्रत्येक देणगीला लेखी पोच द्यावीच लागते, ती शंभर जणांना स्वतः पाठवून बघा मग फी स्वस्त वाटेल. एक अट मात्र नीट समजून घ्या: देणगीदारांना कमिटीवर बसता येतं पण कमिटी त्यांच्या ताब्यात असून चालत नाही, सदस्य फाउंडेशन नेमतं, आणि "माझ्या भाच्याला द्या" हा विषयच नाही. आमच्यातले एक काका यावर रुसले होते, अजून रुसलेलेच आहेत.

आता कठीण भाग, पात्रतेचे शब्द. आमच्या पहिल्या मसुद्यात साधं लिहिलं होतं, फक्त आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी. फाउंडेशनच्या बाईंनी तो कागद हळूच परत सरकवला. त्यांनी सांगितलं आणि नंतर आम्ही वाचलं ते असं: मेरीलँड युनिव्हर्सिटीची बॅनेकर नावाची फक्त ब्लॅक विद्यार्थ्यांसाठीची स्कॉलरशिप होती, ती फेडरल अपील कोर्टाने १९९४ मध्येच बेकायदा ठरवली. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये ॲडमिशनला वंश बघणं बंद केलं. ती केस ॲडमिशनची होती, स्कॉलरशिपची नाही, पण त्यानंतर कितीतरी कॉलेजांनी स्कॉलरशिपचे नियम बदलले. आणि आमच्या घरासमोरचीच म्हणावी अशी केस, अटलांटाचा फिअरलेस फंड ब्लॅक बायकांच्या धंद्यांना वीस हजार डॉलरची ग्रँट द्यायचा, त्यावर १८६६ च्या सिव्हिल राइट्स कायद्याखाली दावा पडला आणि २०२४ मध्ये अकराव्या सर्किट कोर्टाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. तो १८६६ चा कायदा आणला होता गुलामीतून सुटलेल्या लोकांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून. काय बोलावं. अकराव्या सर्किटमध्ये जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा येतात, म्हणजे आम्ही बरोबर त्याच वर्गात बसलेलो.

मग सोडून द्यायचं का, तर अजिबात नाही. वंश हा अटीतून काढायचा पण माणूस काढायचा नाही. ज्या मुलांसाठी सर झटले ती मुलं कोण होती हे नीट आठवा आणि ते लिहा. आमचे शब्द शेवटी असे ठरले: या काउंटीतल्या अमुक हायस्कूलमधून पास झालेला, घरात कॉलेजला जाणारा पहिला किंवा पेल ग्रँटला (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी सरकारी मदत) पात्र असलेला, आणि एचबीसीयूमध्ये जाणाऱ्यांना किंवा पुढे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना प्राधान्य. निबंधात सरांच्या कामाबद्दल आणि ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जे उभं केलं त्याबद्दल विचारायचं, तुझ्या आयुष्यात ते कुठे दिसतं हे लिही म्हणायचं. अर्ज सगळ्यांना खुला. एचबीसीयू पण सगळ्या वंशांच्या मुलांना खुल्याच असतात, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हे शब्द जसेच्या तसे उचलू नका, तुमच्या राज्यातल्या वकिलाला दाखवा, कारण कोर्टाची हवा दर वर्षी बदलतेय. कम्युनिटी फाउंडेशनकडे बहुतेक वेळा त्यांचा वकील असतो, तो वापरा.

शिक्षक होऊ इच्छिणारे हा मुद्दा मिसेसचा. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळांमधली गोऱ्या आणि ब्लॅक मुलांची विभागणी बंद करायला सांगितली, चांगलंच झालं, पण त्यानंतर दक्षिणेत ब्लॅक मुलांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो ब्लॅक शिक्षक, हेडमास्तर घरी बसले, एकत्र झालेल्या शाळांनी मुलं घेतली मास्तर नाही घेतले. सरांच्या सासूबाई त्यातल्या एक. हे ऐकल्यावर ती ओळ कोणी काढा म्हटलं नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला मी पैसे मागायला उभी राहिले तेव्हा अपेक्षित प्रश्न आलाच, आपल्या पोरांसाठी का नाही? मी एवढंच म्हटलं की १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला आले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. शिष्यवृत्तीने काय होतं ते आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. आणि शिवाय आपली पोरं सरांकडे फुकट शिकवणी घेऊन एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत पाचपैकी पाच आणत होती ते विसरलात का? हे दुसरं वाक्य जास्त लागलं असं मला वाटतं.

पैसे जमवायची एक साधी युक्ती, एम्प्लॉयर मॅचिंग. आपले निम्मे लोक आयटीत, आणि मोठ्या कंपन्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी तुम्ही दिलेल्या देणगीएवढी कंपनी घालते, फक्त पोर्टलवर जाऊन फॉर्म भरायचा असतो आणि तोच कोणी भरत नाही. मी एका रविवारी आठ जणांना घरी पोह्यांना बोलावलं, लॅपटॉप घेऊन या म्हटलं, आणि पोहे मिळण्याआधी फॉर्म. त्या एका सकाळी चार हजारांवर मॅचिंग लागलं. पुण्याला परत गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीला भारतातून पाठवायचे होते, तिला बँकेने परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरायला लावला, पाठवता आले, पण अमेरिकन संस्थेला दिलेल्या पैशांवर ८०जी ची सूट मिळत नाही हे तिला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून वाईटपणा आला नाही.

एकूण जमले एकतीस हजार चारशे. आता इथे गणित करा, सर असते तर तेच म्हणाले असते. कायमचा फंड म्हणजे मुद्दल हलवायचं नाही, वर्षाला चारेक टक्के काढायचे, म्हणजे आमच्या रकमेवर साडेबाराशे डॉलरच्या आसपास, जन्मभर. किंवा मुद्दलासकट खर्च करत जायचं, वर्षाला दोन मुलांना दीड-दीड हजार, आणि दहा वर्षांनी फंड संपला की संपला. कायमचं नाव ऐकायला छान वाटतं पण महागाईत साडेबाराशेचं काय होणार ते दिसतच होतं. मिसेस म्हणाल्या आत्ताच्या पोरांना द्या. आम्ही दहा वर्षांचं घेतलं. कोणी मोठी रक्कम घातली तर पुढे बघू. आणि रक्कम छोटी म्हणून लाजू नका, मिसिसिपीच्या हॅटिसबर्गमध्ये ओसिओला मॅकार्टी नावाच्या बाई जन्मभर लोकांचे कपडे धुऊन-इस्त्री करून जगल्या, सहावीतच शाळा सुटलेली, आणि १९९५ मध्ये त्यांनी गावातल्या युनिव्हर्सिटीला गरजू ब्लॅक मुलांच्या स्कॉलरशिपसाठी दीड लाख डॉलर दिले. त्यांच्या तरुणपणी त्या युनिव्हर्सिटीत ब्लॅक माणसाला प्रवेशच नव्हता.

अर्जाचा फॉर्म. इथे चूक पूर्णपणे माझी. पहिल्या वर्षी मी तीन निबंध, दोन शिफारसपत्रं, ट्रान्सक्रिप्ट आणि एक व्हिडिओ मागितला. आले किती अर्ज? चार. त्यातले तीन अशा मुलांचे ज्यांच्या घरी फॉर्म भरून देणारे आईवडील होते. ज्या पोराची शाळेनंतर बर्गरच्या दुकानात शिफ्ट असते तो दीड हजार डॉलरसाठी व्हिडिओ करत बसेल? दुसऱ्या वर्षी एक निबंध, पाचशे शब्द, एका मोठ्या माणसाचं नाव आणि फोन, ट्रान्सक्रिप्ट काउन्सेलरकडून थेट, आणि फॉर्म मोबाइलवर भरता येईल असा. बावीस आले. कमिटीला वाचायला देताना नावं झाकून नंबर टाकले, मार्कांची पट्टी आधी ठरवली, आणि अर्जदार ओळखीचा निघाला तर त्या सदस्याने गुण द्यायचे नाहीत.

तारखांचं म्हणाल तर एफएएफएसए (कॉलेजसाठी सरकारी मदतीचा अर्ज) साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतो, कॉलेज नक्की करायची ठरलेली तारीख १ मे, म्हणून आमचा फॉर्म जानेवारीत उघडतो आणि मार्चच्या मध्यावर बंद, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निकाल. मेमध्ये शाळेच्या बक्षीस समारंभात नाव पुकारलं जातं ते छान दिसतं पण तोपर्यंत मुलाने कॉलेज ठरवून टाकलेलं असतं, आपल्या पैशांचा त्या निर्णयाला काही उपयोग होत नाही.

आता ती गोष्ट जी कोणीच आम्हाला आधी सांगितली नव्हती. पहिल्या वर्षीच्या एका मुलीला आम्ही दीड हजार दिले, कॉलेजला चेक गेला, आणि कॉलेजने तिला स्वतः दिलेली ग्रँट बरोबर दीड हजाराने कमी केली. म्हणजे पोरीच्या हातात शून्य, फायदा कॉलेजचा. याला स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट म्हणतात आणि हे सर्रास चालतं. मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांपुरतं याला आळा घातला, नंतर आणखी काही राज्यांनी घातला, सगळीकडे नाही. त्यामुळे आता आमच्या पत्रातच लिहिलेलं असतं की ही रक्कम आधी लोन आणि वर्क-स्टडीच्या (शिकताना काम करून मिळणाऱ्या पैशांच्या) जागी धरावी, ग्रँटच्या नाही. आणि चेक पाठवायच्या आधी मुलालाच सांगतो, फायनान्शियल एडच्या ऑफिसला फोन कर, विचार की बाहेरची स्कॉलरशिप आली तर माझं काय कमी करणार, आणि उत्तर ईमेलवर घे. कमी करणारच म्हणाले तर कमिटी दुसऱ्या वर्षाला रक्कम पुढे ढकलते, ही सोय फंडाच्या करारात पहिल्यापासून लिहून घ्या, नंतर घालायला आम्हाला चार महिने लागले.

टॅक्सचं थोडक्यात: ट्यूशन, फी, पुस्तकं यासाठी वापरलेली स्कॉलरशिप करमुक्त, राहण्या-जेवणासाठी वापरली तर तेवढी रक्कम मुलाच्या उत्पन्नात धरली जाते. बहुतेकांना टॅक्स बसतच नाही, पण मुलाला सांगून ठेवायला काय जातं.

आभाराची पत्रं मागू नका. काही देणगीदारांना ती हवी असतात, फोटोसकट. आम्ही फक्त एक विचारतो, पहिलं सेमिस्टर संपल्यावर दोन ओळी, कसं चाललंय. मागच्या डिसेंबरला एकाने लिहिलं, "कॅल्क्युलस टू मध्ये बी मायनस. सर चिडले असते." मिसेसनी ती प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय.

बाकी सगळं काम आम्ही वाटून घेतलंय. अर्ज फाउंडेशनकडे, मॅचिंग माझ्याकडे, रुसलेल्या काकांकडे दरवर्षी कमिटीच्या जेवणाची ऑर्डर. मिसेसकडे एकच काम, निवड झाली की मुलाला फोन त्या स्वतः करतात. रात्री दहानंतर करतात, कारण तोवर पोरं शिफ्टवरून घरी आलेली असतात.